गावाकडची म्हातारी माणसं आजार अंगावर का काढतात? हा अडाणीपणा आहे का?

अडाणीपणा नाही. तुम्ही लिहिलंय की गावोगावी दवाखाने आले, योजना आल्या, आईवडिलांना पैसेही पाठवतो, तरी ते दुखणं लपवतात. माझा पुण्याचा दीर फोनवर हेच म्हणतो, म्हणून लिहायला बसले.

मी बीड जिल्ह्यातली, पाटोदा तालुक्यातली. आमच्याकडे म्हातारी माणसं मदत मागतात, पण त्यांच्या पद्धतीने. आधी हळद, ओवा, शेक. मग बाजारला निघालेल्या कुणाला तरी "येताना गुडघ्याची गोळी आण" म्हणून सांगायचं. मग गावात फेरी मारणाऱ्या डॉक्टरचं इंजेक्शन, कारण तो उधार ठेवतो आणि ओट्यावर बसून ऐकून घेतो. तालुक्याला जायचं सगळ्यात शेवटी, तेही श्रावणबाळ पेन्शनचे दीड हजार काढायला बँकेत जायचं असेल त्या दिवशी.

आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचंच सांगते. सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांनी निवडलेल्या तांदळात खडे यायला लागले. नोट हातात आली की आधी बोटांनी लांबी चाचपायच्या. मोबाइलचं हिरवं बटण कुठंय ते नातीला विचारायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि हे त्यांना आमच्याआधी माहीत होतं. पण दिवाळीनंतर मोठे दीर आणि जाऊ ऊसतोडीला गेले होते, त्यांची तीन पोरं आत्याबाईंजवळ. डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे चुलीपुढे बसायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, जड उचलायचं नाही, हे त्यांनी शेजारणीचं बघितलेलं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असताना जावेला परत बोलावणार कसं? मी म्हणाले, पोरं मी बघते. पण आमची पिठाची गिरणीही मीच चालवते, तर म्हणाल्या, "मग गिरणी कोण बघंल?"

तेवढ्यात गावात तपासणी शिबिर आलं. आत्याबाईंची साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, आधी साखर आटोक्यात आणू, मग ऑपरेशन. आत्याबाईंनी गावभर सांगितलं, "डॉक्टरच नको म्हनले." पुण्याहून दिराचा फोन आला, तुम्ही नीट विचारलंच नसेल, पैसे टाकतो, खासगीत न्या. मी त्याला स्पष्ट सांगितलं, साखर खासगीतही तेवढीच निघणार आहे. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

बीपी-शुगरच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. तिथल्या मॅडमनी पाकिटांवर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून दिला, सकाळची कुठली, रात्रीची कुठली ते कळावं म्हणून. आत्याबाईंना ते दिसेना, तेव्हा मी सकाळच्या पाकिटाला रबर गुंडाळलं. हाताला रबर लागलं की सकाळची. दर महिन्याला मी सोबत जायचे, गिरणी तेवढा वेळ बंद. हळूहळू साखर खाली आली. पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, जाऊ घरी आली, आणि त्याच आठवड्यात आत्याबाई स्वतःहून म्हणाल्या, "आता चल डोळ्याचं बघू." एका डोळ्याचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं, पैसे लागले नाहीत. ज्या बाईने पोरांचं, सुनेचं, गिरणीचं, कारखान्याचं सगळं गणित मनात मांडून ठेवलं होतं, तिला अडाणी कसं म्हणता?

योजनांचं म्हणाल तर आहेत. 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून एसटी मोफत आहे, पण सोबतच्या माणसाचं तिकीट लागतं आणि त्याचा रोजही बुडतो. 70 वर्षांवरच्यांना 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. जरूर काढा. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं, महिन्याच्या गोळ्यांना किंवा साध्या तपासणीला नाही. आणि जन्मभर खुरपं धरलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, तिथेही कुणीतरी सोबत थांबावं लागतं.

सगळंच गणित बरोबर असतं असं माझं म्हणणं नाही. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, साप चावला, तर बाजाराचा दिवस आणि देवऋषी दोन्ही बाजूला ठेवून 108 ला फोन करायचा. साप चावल्यावर मंत्र घालत बसलेलेही मी पाहिलेत, त्याची बाजू मी घेणार नाही. आणि सगळीकडचं उपकेंद्र आमच्यासारखं नसतं, काही ठिकाणी गोळ्याच संपलेल्या असतात.

तुम्हाला विचारायचंच असेल तर आईला फोनवर "बरी आहेस ना?" विचारू नका, ती हो म्हणणारच. गावातल्या आशाताईंचा नंबर घ्या आणि त्यांना विचारा. पैसे पाठवा, पण वर्षातून एक-दोनदा रजा काढून स्वतः तिला दवाखान्यात न्या, रांगेत उभे राहा, डॉक्टर काय म्हणतात ते स्वतःच्या कानांनी ऐका. जवळ राहणाऱ्या सुनेवर फोनवरून ओरडून कुणाचीही साखर उतरत नाही. दुसऱ्या डोळ्याची तारीख यंदा पट्टा पडल्यावर घ्यायची आहे, आणि ती मी दिराला आधी विचारूनच घेणार आहे.