जपानी मातीची किटली कशी निवडायची?

प्रश्न: ताई, मुलगा जपानहून येतोय, हाताने घडवलेली मातीची चहाची किटली मागवायचीय, कसली सांगू? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: अहो मस्तच! तिला क्यूसू म्हणतात, दांडा बाजूला असतो, डावखुऱ्या असाल तर आधीच सांगा. तोकोनामे या जपानी शहरातली लाल मातीची घ्या, दोघांना २०० ते २५० मिली पुरे, उगाच मोठी नको. झाकण हलवून बघायला सांगा, डुगडुगलं नाही पाहिजे, आतली जाळी मातीचीच बारीक भोकांची असू दे, मला तीच आवडते. सेंचाला, म्हणजे जपानी हिरव्या चहाला, पाणी ७०-८० अंश, उकळतं घातलं की चहा कडू होतो. आणि आपला आलं घातलेला दुधाचा चहा त्यात अजिबात नको हां, माती वास धरते, साबणही नको, नुसत्या पाण्याने धुवून उघडीच वाळवा.