'फेवर' पोहोचली, 'सर्व्हंट' कोण? जुन्या अमेरिकी पत्रांच्या मायन्याबद्दल

प्रश्न असा आहे. जॉर्ज वॉशिंग्टनने २८ फेब्रुवारी १७७६ ला कवयित्री फिलिस व्हीटलीला लिहिलेल्या पत्राचा मराठी अनुवाद एक जण करत आहेत. पहिल्याच ओळीत 'युवर फेवर ऑफ द ट्वेंटीसिक्स्थ ऑफ ऑक्टोबर' असे आले. त्यांनी 'आपले २६ ऑक्टोबरचे उपकार' असे लिहिले, पण ते त्यांचे त्यांनाच पटेना. शेवटी सहीच्या वर 'युवर ओबीडियंट हम्बल सर्व्हंट' आहे. सरसेनापती एका विशीतल्या बाईला 'आपला आज्ञाधारक नोकर' म्हणवून घेतो, हे कसे, आणि मराठीत काय करायचे?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. उपकार वगैरे काही नाही, फेवर म्हणजे पत्र. वॉशिंग्टन पुढे लिहितो की ती फेवर डिसेंबरच्या मध्यापर्यंत हाती आली नव्हती. उपकार वाटेत अडकत नाहीत, टपाल अडकते. समोरच्याने पत्र लिहिले ही त्याची कृपा, म्हणून त्याचे पत्रही कृपाच. आपल्याकडे 'आपले कृपापत्र पावले' असे लिहायची पद्धत होतीच, तेव्हा 'कृपापत्र' हा शब्द इथे आयता बसतो. मात्र त्याच पत्रात वॉशिंग्टन तिला 'म्यूझ देवतांनी (ग्रीकांच्या काव्यकलांच्या देवता) फेवर केलेली' असेही म्हणतो. तिथे पत्राचा संबंध नाही, तिथे वरदहस्त. (आणि म्यूझना म्यूझच राहू द्या. सरस्वती आणलीत तर वॉशिंग्टन एकदम सदाशिव पेठेत येऊन बसेल.)

याच घराण्यातले आणखी दोन शब्द पुढे भेटतीलच: 'अल्टिमो' आणि 'इन्स्टंट', बहुतेक वेळा तोडून लिहिलेले. अल्टिमो म्हणजे गेल्या महिन्यातली तारीख, इन्स्टंट म्हणजे चालू महिन्यातली. इन्स्टंटला 'माहे मजकूर' हा आपला जुना दप्तरी शब्द अगदी चपखल आहे, पण आजच्या वाचकाला तो अडखळवेल. 'चालू महिन्याच्या १० तारखेचे' पुरे.

आता सर्व्हंट. हे प्रकरण इतके सरळ नाही.

व्हर्जिनियातला जमीनदार पत्र कोणाला लिहितो त्याप्रमाणे त्याचा शेवट ठरलेला असे. वॉशिंग्टन आईला लिहायचा तेव्हा वर 'ऑनर्ड मॅडम' आणि खाली 'आपला आज्ञाधारक मुलगा' अशा थाटात. आपल्या 'तीर्थस्वरूप मातोश्रींच्या सेवेशी' आणि 'बालकाचे साष्टांग नमस्कार' यांचा हा सख्खा भाऊ. १८ जून १७७५ ला, सैन्याचे नेतृत्व गळ्यात पडल्याचे बायकोला कळवताना त्याने 'माय डिअरेस्ट' अशी सुरुवात केली, मजकुरात तिला पॅट्सी म्हटले आणि स्वतःला प्रेमळ म्हणवले. तिथे सर्व्हंट नाही. सर्व्हंट येतो तो बरोबरीच्या आणि परक्या माणसांशी, म्हणजे मुख्यतः व्यवहारात.

व्यवहार म्हणजे तंबाखू. लंडनची रॉबर्ट कॅरी अँड कंपनी ही वॉशिंग्टनची अडत. तंबाखूची पिंपे जहाजाने तिकडे जायची, कंपनी ती विकायची, कमिशन कापायची आणि उरलेल्या पैशांत, बरेचदा उधारीवर, त्याच्या यादीप्रमाणे कपडे, खोगिरे, काचसामान धाडायची. जानेवारी १७५९ मध्ये त्याने मार्था कस्टिस या श्रीमंत विधवेशी लग्न केले. १ मे १७५९ ला कॅरी कंपनीला पत्र गेले: सोबत लग्नाचा दाखला जोडला आहे, यापुढे कै. डॅनियल पार्क कस्टिस (मार्थाचे पहिले पती) यांच्या मालमत्तेबद्दलची सगळी पत्रे माझ्या नावाने पाठवावीत. मला हे पत्र फार आवडते. नवरदेवाने सासरचा खातेउतारा बदलून घेतला, तोही इतक्या सभ्यपणे. पुढच्याच वर्षी, २८ सप्टेंबर १७६० ला, तक्रार आहे की चांगल्या आणि चालू फॅशनच्या वस्तू मागवाव्यात तर येतात त्या आमच्या पूर्वजांनी वापरल्या असतील अशा. दुकानदाराला असे झापायचे आणि खाली नम्र सेवक म्हणून सही करायची, यात त्या काळी कोणालाच विसंगती वाटत नसे. त्या लोकांच्या, पाठवलेली पत्रे उतरवून ठेवायच्या वह्या पाहिल्या तर शेवटचा सगळा नमस्कार पुष्कळदा 'आय ॲम, वगैरे' एवढ्यावर उरकलेला दिसतो. आपणही 'सा.न.वि.वि.' लिहून साष्टांग नमस्कार चार अक्षरांत घातलाच की.

म्हणून कोणी म्हणेल की अर्थ नसलेला शब्द आहे, 'आपला नम्र' लिहा आणि पुढे चला. कॅरी कंपनीच्या पत्रांत मीही तेच करीन. पण अर्थ नाही आणि वजन नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलै १७७६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात हाऊ बंधूंच्या (इंग्रजांच्या सैन्याचा आणि आरमाराचा सेनापती) बाजूने आलेले पत्र 'जॉर्ज वॉशिंग्टन, एस्क्वायर' या नावाने होते, म्हणजे सेनापतिपदाचा उल्लेख टाळून. अशा पत्त्याचा माणूस आमच्या सैन्यात नाही, असे सांगून ते परत पाठवले गेले. काही दिवसांनी इंग्रजांकडचा अधिकारी पॅटरसन भेटायला आला, तेव्हा नावापुढे 'वगैरे वगैरे' जोडले होते. त्यात सगळे काही आले, असा त्याचा युक्तिवाद. वॉशिंग्टनचे उत्तर: सगळे येते हे खरे, तसे काहीही येते. पत्र घेतलेच नाही. लहानपणी सभ्यतेचे ११० नियम वहीत उतरवून काढलेला माणूस होता तो, आणि बोलताना-लिहिताना ज्याला त्याला पदाप्रमाणे मान द्यावा हा त्यातलाच एक नियम.

रचनेचीही एक खोच आहे, ती अनुवादात हमखास हरवते. या पत्रांचे शेवटचे वाक्य पूर्णविराम न घेता थेट सहीत शिरते. बेंजामिन फ्रँकलिनने ५ जुलै १७७५ ला लंडनचा मुद्रक आणि पार्लमेंटचा सभासद विल्यम स्ट्रॅहन या जुन्या दोस्ताला लिहिलेल्या चार ओळी बघा. शेवट असा: तुम्ही आणि मी फार काळचे मित्र, आता तुम्ही माझे शत्रू आहात, आणि मी आहे, तुमचा, बी. फ्रँकलिन. 'युवर्स' हा रोजचा गुळगुळीत शब्द, पण वाक्य वरून वाहत आल्यामुळे तो 'तुमचा शत्रू' असा वाचला जातो. मराठीत 'तुमचा'ने हे जसेच्या तसे साधते, अट एकच, मध्ये 'कळावे, लोभ असावा' घुसवायचे नाही. (ते पत्र फ्रँकलिनने पाठवलेच नाही. दोघांची पत्रापत्री पुढेही चालली.) १८०४ च्या जूनमध्ये उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर आणि माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन एकमेकांना ज्या चिठ्ठ्या लिहीत होते, त्यांच्याही खाली 'आपला आज्ञाधारक सेवक असण्याचा मान मला आहे' असेच. ११ जुलैला त्याच दोन आज्ञाधारक सेवकांचे द्वंद्व झाले आणि दुसऱ्या दिवशी हॅमिल्टन मेला. इथे 'आपला नम्र' लिहून भागवलेत तर त्या नमस्कारातला गारठा गेला. पूर्ण लिहा.

आपल्या जुन्या पत्रांत 'विनंती सेवक अमुक, कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना' असे येते, मग तोच 'सेवक' घ्यावा का? घ्या, पण फरक ध्यानात ठेवून. आपला सेवक पत्राच्या तोंडाशी उभा असतो आणि तो खरोखर खालच्या पायरीवरचा असतो. सरदार पेशव्यांना तसे लिहील, पेशवे सरदाराला नाही. इंग्रजी सर्व्हंट पत्राच्या शेपटाशी येतो आणि दोन्ही बाजूंनी चालतो. शाळेच्या रजेच्या अर्जाखालचा 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' हा माझ्या मते या इंग्रजी सर्व्हंटचाच, कचेऱ्यांतून आलेला वंशज.

खरी गफलत होते ती मजकुरात. सहीत स्वतःला सर्व्हंट म्हणवणारा हाच जमीनदार वरच्या परिच्छेदात 'माझा सर्व्हंट घोडा घेऊन येत आहे' असे लिहितो, आणि तो सर्व्हंट पगारी नसतो, विकत घेतलेला असतो. 'स्लेव्ह' शब्द ते पुष्कळदा टाळत. 'सर्व्हंट', 'माझी माणसे', कधी चक्क 'माझी फॅमिली'. वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारला तेव्हा माउंट व्हर्नन या त्याच्या जमीनजुमल्यावर अशी ३१७ माणसे होती. वेब्स्टरच्या १८२८ च्या शब्दकोशाने हा घोळ एका वाक्यात मांडला आहे: प्रत्येक स्लेव्ह हा सर्व्हंट असतो, पण प्रत्येक सर्व्हंट स्लेव्ह नसतो. पेशवाईच्या कागदांत 'कुणबीण' वाचून कुणब्याची बायको समजणारे असतात, आणि ती असते विकली जाणारी दासी. तसलीच ही फसगत. मजकुरातल्या सर्व्हंटला 'नोकर' केलेत तर मालकाने घातलेले पांघरूण तुम्हीही ओढून घेतलेत. संदर्भ स्पष्ट असेल तिथे मी 'गुलाम' लिहीन, मालकाचा शब्दच दाखवायचा असेल तिथे 'चाकर' लिहून एकदा टीप देईन. सहीतल्या माणसाला मात्र 'सेवक' ठेवीन. दोघांना एकच मराठी शब्द नको.

हे दोन्ही सर्व्हंट समोरासमोर येतात ते १७९१ च्या ऑगस्टमध्ये. मेरीलँडमधला बेंजामिन बॅनेकर, स्वतंत्र काळा माणूस, गणिती, पंचांगकर्ता. १९ तारखेला त्याने परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसनला लांबलचक पत्र लिहिले, हस्तलिखित पंचांग जोडले आणि सगळी माणसे समान निर्माण झाली आहेत हे जेफरसनचेच शब्द त्याच्यापुढे ठेवून विचारले की मग आमच्या बांधवांना दास्यात का ठेवले आहे. खाली सही: आपला अत्यंत आज्ञाधारक नम्र सेवक. ३० तारखेला जेफरसनचे उत्तर गेले, सभ्य आणि मोजके. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांची मालकी असलेल्या या गृहस्थाची खालची सही: आपला अत्यंत आज्ञाधारक नम्र सेवक. अनुवादात ही दोन्ही वाक्ये अक्षरशः एकसारखीच आली पाहिजेत.

तुमच्या पत्रातही तसेच. फिलिसला सात-आठ वर्षांची असताना बोस्टनमध्ये विकले गेले. ज्या जहाजातून आणले त्याचे नाव तिचे नाव झाले, मालकाचे आडनाव तिचे आडनाव झाले. पत्राच्या वेळी तिला मोकळी होऊन फार वर्षे झाली नव्हती. वॉशिंग्टनच्या मायन्यात आडनाव नाही, मानाचे उपपद आणि फिलिस एवढेच आहे. तुम्हीही भर घालू नका. सुरुवात 'आपले २६ ऑक्टोबरचे कृपापत्र डिसेंबरच्या मध्यापर्यंत माझ्या हाती आले नाही' अशी करा, आणि शेवटी 'मी आहे, अत्यंत आदरपूर्वक, आपला आज्ञाधारक नम्र सेवक, जी. वॉशिंग्टन', मध्ये पूर्णविराम न देता.