योजना संपल्यावर हातात काय? रोजगार आणि प्रशिक्षण योजनांवरची प्रश्नोत्तरे

योजना कुठलीही असो, विद्यावेतन किती मिळतं हे मी नंतर बघतो. ती संपेल त्या दिवशी उमेदवाराच्या हातात काय असेल, हे आधी. या वेळच्या उत्तरांमागे तोच हिशेब आहे.

प्रश्न : मी बी.कॉम. आहे, वय 25. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पंचायत समितीत काम केलं. मुदत संपली. सोबतची मुलं म्हणतात, थांबू या, सरकार कधी ना कधी कायम करेल. थांबावं का? (नांदेड जिल्हा)

थांबू नका. जुलै 2024 मध्ये योजना आली तेव्हाच तिचं स्वरूप स्पष्ट होतं. बारावीला 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. पुढे 2025 मध्ये आणखी पाच महिने वाढले. तुम्ही तिथे ‘कर्मचारी’ नव्हता, ‘प्रशिक्षणार्थी’ होता, आणि कायम होण्याचा हक्क त्यातून तयार होत नाही. कायम करा म्हणून आंदोलनं झाली. त्यामागची तळमळ मला समजते, कारण अनेक कार्यालयांनी या मुलांकडून रिकाम्या पदांवरची नेहमीची कामंच करून घेतली. शिकवलं कमी, राबवलं जास्त. तो दोष योजना राबवणाऱ्यांचा. पण त्याच्या भरवशावर तुमचं पंचविसावं आणि सव्विसावं वर्ष घालवणं परवडणारं नाही.

कायद्याची बाजूही कठीण आहे. कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या 2006 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की खुल्या स्पर्धेतून नेमणूक झालेली नसेल, तर केवळ काही काळ काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मागता येत नाही. आपल्याकडचा 1977 चा रोजगार हमी कायदाच बघा. त्यात काम मागणं हा हक्क होता, कारण तो विधिमंडळाने केलेला कायदा होता. तुमची योजना शासन निर्णयावर उभी आहे. दोन्हींच्या मागे ‘सरकारी’ हा शब्द लागतो म्हणून ताकद सारखी होत नाही.

आता करायचं काय? प्रमाणपत्र घेतलं असेलच. पण त्यावर काम कोणतं केलं, याचा तपशील सहसा नसतो. म्हणून जिथे काम केलं त्या अधिकाऱ्यांकडून वेगळं अनुभवपत्र मागा. घरकुलाच्या याद्या तयार केल्या, देयकं तपासली, ऑनलाइन नोंदी केल्या, जे केलं ते नेमकं लिहून घ्या. अधिकाऱ्याची बदली झाली की असं पत्र मिळवणं अवघड होतं, तेव्हा याच महिन्यात जा. दुसरं, केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत (बोलताना सगळे ‘नॅट्स’ म्हणतात) आता बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही जागा असतात. पदवी ताजी असताना तिथे नोंदणी करा. बँका आणि सार्वजनिक कंपन्यांच्या जाहिराती त्या पोर्टलवर येतात. सरळसेवेची तयारी सोडा असं मी म्हणत नाही, पण तयारी हा एकच उद्योग ठेवू नका.

प्रश्न : आयटीआय फिटर झालो. एका कंपनीत अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेतात, पण पैसे कमी. दुसरीकडे ठेकेदार 14,000 देतो म्हणतो. घरचे म्हणतात जास्त पैशाचं घे. (वाळूज)

घरात चूल पेटण्याचा प्रश्न असेल तर ठेकेदाराकडे जाण्यात कमीपणा नाही. फक्त पहिल्या पगारानंतर पीएफ कापला का, तुमचा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा) क्रमांक तयार झाला का आणि ईएसआय म्हणजे कामगार विम्याचं कार्ड मिळालं का, हे बघा. तिन्ही नसतील तर त्या 14,000 च्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

पण वर्षभर तग धरता येत असेल तर मी अ‍ॅप्रेंटिसशिप घेईन. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचं प्रशिक्षण पूर्ण करून परीक्षा पास झालं की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. फिटरच्या ट्रेडमध्ये त्याचं वजन आयटीआयच्या प्रमाणपत्राहून जास्त आहे. रेल्वेत प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी तर रेल्वेच्या लेव्हल-1 म्हणजे सर्वांत खालच्या वेतनश्रेणीच्या भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. 2019 च्या नियमांनी आयटीआय झालेल्यांना महिना किमान 7,700 रुपये विद्यावेतन ठरवलं. किमान म्हणजे त्याखाली जाता येत नाही, बऱ्या कंपन्या त्याहून जास्त देतात. यंत्रावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हेही त्याच कायद्यात आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे करारपत्र. तुमचा शिकाऊ उमेदवारीचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा, त्याची प्रत तुमच्याकडे हवी. औद्योगिक वसाहतींत ‘ट्रेनी’ हा शब्द फार सैल वापरला जातो. गळ्यात ओळखपत्र, अंगात गणवेश, पाळीत काम आणि कागद मात्र एकही नाही, अशी मुलं मी पाहतो. ती कागदावर शिकाऊही नसतात आणि कामगारही नसतात. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन आहे, त्यामुळे कंपनी उपकार करत असल्यासारखी वागली तरी कराराबद्दल विचारायला लाजू नका. आणि एक गोष्ट मनाशी पक्की करा, की प्रशिक्षण संपल्यावर तिथेच नोकरी देण्याची सक्ती कंपनीवर नाही.

प्रश्न : प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतला कोर्स देतो, आधी 2,500 रुपये नोंदणी शुल्क पाठवा, असा फोन आला. भरू का?

भरू नका. या योजनेतलं प्रशिक्षण उमेदवाराला मोफत आहे. केंद्र खरं आहे का ते स्किल इंडियाच्या पोर्टलवर शोधा आणि प्रत्यक्ष जाऊन बघा. शिवण शिकवणाऱ्या केंद्रात चालू स्थितीतली मशिनं किती, शिकवणारी बाई रोज येते का, हे तिथे शिकत असलेल्या मुली दोन मिनिटांत सांगतात.

प्रश्न : माझं वय 28, बारावी. लग्नाआधी पार्लरमध्ये काम केलंय. गावात स्वतःचं पार्लर टाकायचंय. एक जण म्हणतो 35 टक्के सबसिडी काढून देतो, त्यातले दहा टक्के त्याचे. हे खरं आहे का? (सातारा जिल्हा)

ताई, 35 टक्के खरे आहेत, बाकीचं सोडा. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 पासून चालू आहे. ग्रामीण भागात महिलेला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा फक्त पाच टक्के. अर्ज ऑनलाइन असतो आणि त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

त्या माणसाने एक गोष्ट तुम्हाला सांगितली नसणार. अनुदान हातात मिळत नाही. समजा प्रकल्प चार लाखांचा आहे. वीस हजार तुमचे, तीन लाख ऐंशी हजार बँकेचं कर्ज. अनुदानाचे एक लाख चाळीस हजार बँकेत तुमच्या नावाने ठेव म्हणून तीन वर्षं अडकून राहतात. त्या रकमेवर तुम्हाला व्याज नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षं व्यवसाय चालू राहिला, तपासणी झाली, की ती रक्कम कर्जात वळती होते. मग पहिल्याच महिन्यात तो दहा टक्के कुठून घेणार? तुमच्या खिशातून किंवा कर्जाच्या रकमेतून. पार्लर मध्येच बंद पडलं तर अनुदान जाऊ शकतं, हप्ते मात्र उरतात.

म्हणून कर्जाआधी आरसेटीत जा. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहे, अग्रणी बँक ती चालवते, शिकवणं आणि जेवण मोफत. कर्नाटकातल्या उजिरे इथे 1982 मध्ये सुरू झालेल्या प्रयोगावरून हा नमुना देशभर गेला. ब्युटी पार्लरचा वर्ग तिथे नेहमी असतो. हात तुमचा बसलेला आहेच. तिथे हिशेब, दर ठरवणं आणि बँकेशी बोलणं शिका. प्रशिक्षणानंतरही संस्था पाठपुरावा करते आणि कर्जाच्या अर्जाला मदत करते. माझं स्पष्ट मत असं, की पहिल्या झटक्यात चार लाखांचं पार्लर नको. लग्नसराई सोडून इतर महिन्यांत गावात किती बायका येतील, याचा अंदाज आधी घ्या. कर्जाचा हप्ता त्या महिन्यांना झेपला पाहिजे.

प्रश्न : मुलाचं नाव एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला घालून तीन वर्षं झाली. अजून एकही कॉल नाही. (एक वडील)

काका, कार्ड काढायचं आणि नंबर लागण्याची वाट बघायची, ही तुमच्या तरुणपणातली पद्धत आता राहिली नाही. ते कार्यालय आज जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे आणि नोंदणी राज्य सरकारच्या महास्वयम् पोर्टलवर होते. तिथे सेवाज्येष्ठतेसारखी रांग नाही. मुलानेच आत जाऊन रिक्त जागा शोधायच्या आणि अर्ज करायचे. त्याची माहिती तीन वर्षांपूर्वीचीच असेल तर मोबाइल क्रमांक, नवं शिक्षण, पत्ता आधी बदलायला सांगा. जिल्ह्यात रोजगार मेळावा लागला की तिथे त्याला एकट्याला पाठवा. तुम्ही सोबत गेलात की मुलाखत घेणारे तुमच्याशीच बोलतात.