उबुंटूवर पायथन उघडताच 'नो मॉड्यूल नेम्ड एन्कोडिंग्ज' म्हणून मरतो, सुडो (ॲडमिनच्या हक्कानं चालवायची कमांड) लावलं की चालतो. लिनक्स परत टाकू का?

काहून टाकता? फॉरमॅटचं नाव निघालं की माझं डोकं सटकते, म्हणून लिहून राहिलो.

नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब माझ्याकडे होती. प्रॅक्टिकल तोंडावर, कूलरमध्ये पाणी टाकता टाकता जीव जायचा असं ऊन, अन् पोरं ओरडायला लागली, सर, पायथन मरून राहिला! सगळ्या मशीनवर हाच मेसेज. विभागप्रमुख आले, सुडो लावलं, चाललं. झाला निकाल: "परमिशनचा लोचा." सर्व्हरवरच्या सगळ्या होम फोल्डरना ७७७ मारलं, म्हणजे कुणीही वाचावं-लिहावं अशी सगळ्यांना मोकळीक. फरक शून्य. मग हुकूम, फॉरमॅट मारा. पोरांनी रात्र घालवून मशीन नव्या केल्या, सिलॅबसचं नकाशावालं सॉफ्टवेअर परत टाकलं, सकाळी तोच मेसेज. सर म्हणाले, लिनक्सच भिकार.

अहो, उत्तर स्क्रीनवर छापलेलं होतं! पायथन आजकाल मरताना आपलं सगळं कॉन्फिगरेशन दाखवतो, पण लोक शेवटची ओळ वाचून मोकळे. वर 'पायथनहोम' (पायथनला त्याचं घर कुठं ते सांगणारं सिस्टिममधलं व्हेरिएबल) समोर त्या सॉफ्टवेअरच्या पोटातल्या जुन्या पायथन २.७ चं फोल्डर होतं. इन्स्टॉलरनं ते सगळ्या युजरच्या प्रोफाइलमध्ये घुसवलं होतं. मग आपला पायथन ३ स्वतःची लायब्ररी तिथंच शोधणार, मिळणार कुठून? फायलींची नावं वाचायलाच त्याला एन्कोडिंग्ज (अक्षरांचे कोड समजून घ्यायचं मॉड्यूल) लागतं, म्हणून प्रॉम्प्टच्या आधीच खेळ खल्लास. सुडो असले व्हेरिएबल सहसा गाळून टाकतो, म्हणून तिथं चालतो. परमिशन कुठून आली मधात?

मी ते व्हेरिएबल अनसेट केलं (काढून टाकलं), पायथन उघडला. सर म्हणाले, "फॉरमॅटचा परिणाम उशिरा दिसला." हे मीटिंगमध्येही सांगितलं त्यांनी.

तुम्ही पायथन ३ ला कॅपिटल 'ई' चा फ्लॅग (python3 -E) लावून पाहा. तो पायथनचे व्हेरिएबल बघतच नाही. चाललं तर टर्मिनल उघडताना किंवा लॉगिनला वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फायली, म्हणजे बॅशआरसी, प्रोफाइल, ईटीसीमधलं एन्व्हायर्नमेंट, सगळं धुंडाळून पायथनहोमची ओळ उडवा. नुसतं अनसेट केलं तर नव्या टर्मिनलमध्ये भूत परत हजर.

हां, सुडोनंही मरत असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा अपग्रेड अर्धवट राहून एन्कोडिंग्जचं फोल्डरच गायब असू शकतं. ज्या मिनिमल लायब्ररीच्या पॅकेजमध्ये ते येतं तेवढंच रीइन्स्टॉल करायचं. पायथन ३ काढून परत टाकू म्हणाल तर एपीटी (उबुंटूचं पॅकेज टाकायचं-काढायचं साधन) अर्धा डेस्कटॉपही सोबत न्यायला निघते, 'यस' दाबायच्या आधी यादी वाचा. सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या गडबडीनं प्रोग्राम पडणं) आला असता तर ती भानगडच वेगळी होती.

अन् ७७७ यूएसआरवर (सिस्टिमचे प्रोग्राम असतात ते फोल्डर) तर चुकूनही मारू नका, सेटयूआयडी (सुडोला ॲडमिनचा हक्क देणारी खूण) उडून सुडोच बंद पडते. आमच्या सर्व्हरवर होम फोल्डर उघडे टाकल्यावर एसएसएचनं (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) पोरांच्या लॉगिनच्या डिजिटल चाव्या नाकारल्या होत्या. सर, वाचत असाल तर सांगा, तो पण फॉरमॅटचा उशिरा दिसलेला परिणाम का?