३० जूनला प्रेस्कॉटच्या कोर्टहाऊसला जावं का, आणि गेलात तर काय विचारू नये

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की तुम्ही यंदाच अ‍ॅरिझोनातल्या प्रेस्कॉटला राहायला आलात, गाड्यांच्या मागे, दुकानांच्या काचांवर जिकडे तिकडे १९ आकडा दिसतो, म्हणजे ३० जून २०१३ ला यार्नेलच्या वणव्यात गेलेल्या, आग विझवणाऱ्या प्रेस्कॉटच्या १९ पोरांचा, आणि शेजारचे आजोबा, जे पूर्वी वणवा विझवण्याच्या कामात होते, ते म्हणाले की ३० तारखेला आमच्याबरोबर कोर्टहाऊसला चला. तुम्हाला कळत नाहीये की परक्या माणसांनी अशा ठिकाणी जावं का, काय न्यावं, काय बोलावं, आणि "ते सुरक्षित जागा सोडून खाली का उतरले" हे आजोबांना विचारलं तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तीच चूक मी स्वतः केलेली आहे. नका विचारू.

मी फीनिक्सला बरीच वर्षं काढली. २०१३ च्या त्या उन्हाळ्यानंतर चारेक महिन्यांनी ऑफिसातल्या एकाच्या घरी जेवण होतं, तिथे एक वयस्कर सहकारी होता, तरुणपणी पाच-सहा उन्हाळे त्याने आगीवर सीझनल, म्हणजे हंगामी, म्हणून काम केलेलं. मी नुकताच तपासाच्या रिपोर्टबद्दल वाचून आलेलो, डोक्यात सगळं ताजं, आणि मोठ्या हुशारीने त्याला विचारलं की पण जळून गेलेल्या भागात ते एकदम सेफ होते ना, मग उतरले कशाला? त्याने हातातली प्लेट खाली ठेवली. काही बोलला नाही. पाचेक मिनिटांनी बायकोला घेऊन निघून गेला. मला तेव्हा वाटलं काय एवढं, साधा प्रश्न तर होता. नंतर लक्षात आलं की तो प्रश्न त्याने स्वतःला शंभर वेळा विचारलेला होता, आणि मी तो भाजी वाढून घेता घेता विचारला.

म्हणून तुम्हीच आधी सगळं माहीत करून जा म्हणजे तिथे विचारावं लागणार नाही. मला जे नक्की माहीत आहे ते सांगतो.

२८ जून २०१३, शुक्रवारी संध्याकाळी यार्नेल गावाच्या वरच्या डोंगरावर वीज पडली आणि आग लागली. सुरुवातीला अगदीच किरकोळ, अर्ध्या एकराच्या आसपास. तिथली झुडपं १९६६ नंतर जळलेलीच नव्हती, वर कित्येक वर्षांचा दुष्काळ, म्हणजे सरपण रचून ठेवल्यासारखंच. रविवारी ३० तारखेला ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स तिथे कामावर होते. हॉटशॉट म्हणजे वीसेक जणांची निवडक तुकडी, पाठीवर ओझं घेऊन डोंगरात चालत जाणारी, पाण्याने आग विझवत नाहीत हे लोक, आगीच्या पुढची झाडंझुडपं कापून, जमीन मातीपर्यंत खरवडून पट्टा काढतात, आपल्याकडे वनखात्यात ज्याला जाळरेषा म्हणतात तसा. हातात चेनसॉ आणि पुलास्की, म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असलेलं हत्यार. अशा बहुतेक तुकड्या केंद्र सरकारच्या असतात, ही मात्र प्रेस्कॉट शहराच्या फायर डिपार्टमेंटची होती, अख्ख्या देशात अशी एकच. हे लक्षात ठेवा, कारण त्या गावाचं दुःख एवढं खोल का आहे ते इथे आहे. ही कुठल्या तरी लांबच्या खात्याची माणसं नव्हती. जिममध्ये दिसणारी, मुलांना शाळेत सोडणारी, कोणाच्या तरी वर्गात शिकलेली पोरं होती. १९ पैकी १४ जण विशीतले होते.

दुपारपर्यंत आग ईशान्येकडे, त्यांच्यापासून लांब चालली होती आणि ते जळून काळ्या झालेल्या भागात उभे होते. फायरवाले त्याला 'ब्लॅक' म्हणतात, तिथे जळायला काही उरलेलं नसतं म्हणून ती सर्वात सुरक्षित जागा. चारच्या सुमारास ते तिथून निघाले, डोंगराच्या कडेने, आणि मग एका खोलगट दरीत उतरले, पलीकडे बोल्डर स्प्रिंग्ज रँच नावाची मोकळी केलेली जागा होती तिकडे जायला. त्याच वेळी गडगडाटी वादळातून खाली आदळलेला वारा आगीवर आला आणि आगीची दिशाच फिरली, सरळ दक्षिणेकडे. दरीत उतरल्यावर झुडपं डोक्याच्या वर, त्यांना आग दिसत नव्हती. दिसली तेव्हा ती वाटेत आडवी होती. जागा साफ करायला दोन मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत असं रिपोर्ट म्हणतो. प्रत्येकाकडे फायर शेल्टर असतो, चंदेरी पिशवीसारखा, जमिनीवर पालथं पडून अंगावर ओढून घ्यायचा. तो आगीची धग परतवतो पण ज्वाळा थेट अंगावर आली तर टिकत नाही. रँच तिथून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास होती. ती रँच वाचली.

विसावा माणूस, ब्रेंडन मॅकडोना, तेव्हा २१ वर्षांचा, वेगळ्या ठिकाणी आगीवर नजर ठेवायला बसलेला होता. आग त्याच्या जवळ आली तेव्हा तो ठरल्याप्रमाणे तिथून निघाला आणि दुसऱ्या एका हॉटशॉट तुकडीच्या प्रमुखाने त्याला गाडीत घेतलं, म्हणून तो वाचला.

आता तुमचा "का". सप्टेंबर २०१३ च्या तपास अहवालात असं आहे की त्या दुपारी अर्ध्या तासाहून जास्त वेळाची माहितीच नाही, तुकडी काय बोलत होती, काय ठरवत होती ते रेडिओवर सापडत नाही. त्या अहवालाने कुणाचा निष्काळजीपणा म्हटलं नाही, मग डिसेंबरमध्ये राज्याच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने राज्याच्याच वनखात्याला ५ लाख ५९ हजार डॉलरचा दंड ठोठावला, २०१५ ला त्यावर तडजोड झाली. म्हणजे दोन सरकारी कागद, दोन सूर. आणि ज्यांना खरं उत्तर माहीत होतं ते १९ जण नाहीत. या अर्ध्या तासावर लोक अजून भांडतात, काही घरं यावरून एकमेकांशी बोलत नाहीत म्हणे. तुम्ही त्या आजोबांना विचारलंत तर ते एक तर गप्प बसतील नाहीतर तुम्हाला कुठल्या तरी बाजूला ओढतील, आणि गावात नवीन असताना दोन्ही नको.

अजून एक अवघड विषय आहे, तोही तिथे काढू नका पण माहीत असू द्या. १९ पैकी फक्त ६ जण कायम नोकरीत होते, बाकी १३ सीझनल. आग सगळ्यांना सारखीच लागली, पण कायमवाल्यांच्या घरच्यांना पेन्शन वगैरे मिळणार आणि सीझनलवाल्यांच्या घरच्यांना एकरकमी पैसे आणि थोडंफार. कडेवर लहान मूल घेऊन बायकांना टीव्हीसमोर बोलावं लागलं. काहींनी पुढे पेन्शनच्या बोर्डासमोर दाद मागून हक्क मिळवलाही. पण ज्या गावाने तुकडीच्या स्टेशनच्या कुंपणावर फुलं वाहिली त्याच गावात मग "यांना पैसेच पाहिजेत" अशी कुजबुज झाली, ती माझ्या कानांनी ऐकलेली आहे. शोक करणारं गाव एकदिलाचं असतं हा आपला गैरसमज असतो, पहिले दहा-बारा दिवस असतं फार तर.

ते पहिले दिवस मात्र मी विसरणार नाही. ७ जुलैला फीनिक्सहून १९ पांढऱ्या शववाहिका प्रेस्कॉटला निघाल्या, स्टेट कॅपिटलजवळून, वाटेत यार्नेलमधूनच, सव्वाशे मैल. मी आणि एक मित्र रस्त्याच्या कडेला उभे होतो. जुलैतलं फीनिक्सचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, डांबर बुटाला चिकटतं. माझ्या शेजारी एक बाई छत्री घेऊन उभी होती, गाड्या यायला लागल्या तशी तिने छत्री मिटली. मी मोजत होतो, का कोण जाणे, अकराव्या गाडीनंतर माझं मोजणं चुकलं आणि तरी गाड्या येतच होत्या. एकोणीस हा आकडा वाचताना छोटा वाटतो हो. एकामागून एक जाताना बघितला की कळतं.

त्यानंतर आठवड्याने मी प्रेस्कॉटला गेलो, त्यांचं जे स्टेशन होतं, स्टेशन ७, तिथलं तारेचं कुंपण बघायला. टोकापासून टोकापर्यंत वस्तू. देशभरातल्या फायर क्रूंचे टीशर्ट, जांभळ्या रिबिनी, झेंडे, हेल्मेट, लहान मुलांची चित्रं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. बाटल्या बघून मला पहिल्यांदा रडू आलं, उन्हात काम करणाऱ्यांसाठी कोणी तरी पाणी ठेवलं होतं. पुढे गावातल्याच लोकांनी त्या सगळ्या वस्तू काढून, पुसून, नोंदी करून जपून ठेवल्या. मला विचाराल तर त्या गावाने केलेलं सर्वात शहाणपणाचं काम तेच, कारण हाताला काम होतं आणि कोणाला काही बोलावं लागत नव्हतं.

तर आता तुमच्या कामाचं. जा, नक्की जा. परकं वगैरे काही नाही, त्यांनी बोलावलंय. दरवर्षी ४ वाजून ४२ मिनिटांची वेळ धरतात आणि १९ टोले पडतात. तुम्ही चारलाच पोचा, कोर्टहाऊस प्लाझाच्या आसपास पार्किंगची बोंब असते. कपड्यांचं काही नाही, साधे घाला, बरेच लोक तुकडीचा टीशर्ट घालून येतात, तो मात्र तुम्ही विकत घेऊन घालू नका एवढ्यात, का ते मला नीट सांगता येत नाही पण नका. जांभळी रिबीन चालेल. टोल्यांच्या मधल्या वेळात फोन वर धरू नका. बोलायचं काहीच नाही. आपल्याकडे आपण भेटायला जातो तेव्हा काय बोलतो? नुसते जाऊन बसतो, पाणी घेतो, उठतो. तसंच. नंतर आजोबा स्वतःहून कोणाबद्दल काही सांगायला लागले तर त्याचं नाव विचारा, कसा मेला ते नाही, कसा होता ते विचारा. लोकांना त्या पोरांच्या खोड्या सांगायच्या असतात, पण समोरचा दरवेळी वाऱ्याच्या दिशेवर येतो म्हणून ते राहून जातं.

आणि एक, त्या शेल्टरला फायरवाले आपसात 'शेक अँड बेक', म्हणजे हलवा आणि भाजा, म्हणतात, तो त्यांचा त्यांच्यातला काळा विनोद आहे. आजोबांच्या तोंडून ऐकलात तर हसू नका आणि दचकूही नका.

यार्नेलबाजूला स्मृती उद्यान आहे, २०१६ च्या नोव्हेंबरअखेर सुरू झालं. तिथे जायची घाई करू नका, जूनमध्ये तर अजिबात नको. शेवटपर्यंत जाऊन येऊन सातेक मैलांची चढाची वाट आहे, सावली नाही, पार्किंग मोजकं. थंडीत जा, पहाटे निघा, पाणी वाटतंय त्याच्या दुप्पट घ्या. वाटेवर थोड्या थोड्या अंतराने खडकांत १९ पाट्या बसवल्यात, प्रत्येकाचा फोटो आणि चार ओळी. दम खायला थांबतो तिथे नेमकी पाटी असते, मग वाचतो, आणि कळतं की हा आपल्या धाकट्या भावापेक्षा लहान होता. वर एक ओटा आहे, तिथून खाली ती जागा दिसते, अजून पाऊण मैल उतरून जाताही येतं, तिथे दगड भरलेल्या १९ जाळ्यांचं कडं केलंय. मी गेलो त्या दिवशी दुसऱ्या राज्यातली एक क्रू आली होती, एक पोरगा, असेल वीस-एकवीसचा, आपल्या तुकडीचा टीशर्ट भिंतीला लावत होता. नीट घडी केली, त्यावर चढलेली मुंगी बोटाने काढून बाजूच्या दगडावर सोडली, मग लावला. त्यांचा म्होरक्या मागे उभा राहून दरीकडे बघत होता आणि हाताने दाखवून हळू आवाजात सगळ्यांना काहीतरी समजावत होता. ती लोकं तिथे शिकायलाही येतात. "का" हा प्रश्न तिथे ते एकमेकांना विचारतात, तो त्यांचा हक्क आहे, उद्या त्यांना अशाच दरीच्या तोंडाशी उभं राहायचंय.

मुलांना घेऊन कुठे जायचं असेल तर त्या वाटेपेक्षा ग्रॅनाइट बेसिनमधलं ते जुनं अ‍ॅलिगेटर ज्युनिपरचं झाड दाखवा. यार्नेलच्या आधी दहा-बारा दिवस डोसी फायर नावाची आग प्रेस्कॉटच्या अगदी जवळ लागली होती, तेव्हा याच तुकडीने त्या झाडाभोवतीचं गवत-झुडपं काढून ते वाचवलं. आणि मग पोरांनी झाडासमोर एकमेकांच्या पाठीवर चढून मनोरा करून फोटो काढला, आपल्या दहीहंडीच्या थरांसारखा. तो फोटो बघा. त्यात ते सगळे हसतायत.

पैसे द्यायचे असतील तर आयडाहो राज्यातल्या बॉयझीला वाइल्डलँड फायरफायटर फाउंडेशन म्हणून संस्था आहे, गेलेल्यांच्या घरच्यांना आणि जखमींना मदत करते. पण तुम्ही शेजारी आहात, तुमच्याकडून वेगळं होऊ शकतं. ३० तारखेला सगळेच असतात, जुलैच्या मध्यावर कोणी नसतं. तेव्हा एक दिवस जेवायला बोलवा आजोबांना.

तुमच्या मुलीने चित्र काढलंय म्हणालात, झाडाचं. ते आजोबांना आदल्या दिवशी घरीच द्या, प्लाझावर गर्दीत नको.