विद्यार्थी एआयकडून निबंध लिहून आणतात; ते ओळखणारे सॉफ्टवेअर वापरावे की एआयवर बंदीच घालावी?

मी पदव्युत्तर वर्गांना शिकवतो आणि आपण विचारलेले दोन्ही उपाय करून पाहिले आहेत. बंदीचा अनुभव थोडक्यात सांगण्याजोगा आहे: घरी लिहायच्या कामात ती पाळणारे फक्त प्रामाणिक विद्यार्थी असतात.

सॉफ्टवेअरचे प्रकरण अधिक गंभीर आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन आणले होते. कंपनीच्याच चाचणीत त्याला एआयने लिहिलेला जेमतेम २६ टक्के मजकूर ओळखता आला, माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर मात्र त्याने एआयच्या नावावर टाकला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ते बंद झाले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्येच दाखवले की, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध ही साधने निम्म्याहून अधिक वेळा एआयचे ठरवतात. कारण मोजक्या, सोप्या शब्दांतले लेखन त्यांना यंत्राचे वाटते. अशा साधनाने दिलेल्या आकड्यावर कोणाला नापास करणे मला अन्यायाचे वाटते.

आता मी उलट करतो. जो विषय वर्गात नीट शिकवून झाला आहे, त्यावर एआयकडून संदर्भांसह टिपण लिहून घ्यायला सांगतो आणि गुण टिपणाला न देता त्याच्या तपासणीला देतो. प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात शोधायचा, मूळ लेख उघडायचा आणि टिपणातले विधान त्यात खरोखर आहे का, हे पृष्ठ क्रमांकासह लिहायचे. लेखक खरा, नियतकालिक खरे, पण लेखच अस्तित्वात नाही, असा एक नमुना सापडला की विद्यार्थी सावध होतात. (न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांना असेच बनावट निवाडे न्यायालयात दाखल केल्याबद्दल ५,००० डॉलर दंड झाला होता, हेही मी सांगतो.) इंटरनेटवर शोध घेणाऱ्या नव्या साधनांत लेख बहुधा खरा असतो, मात्र तो म्हणतो भलतेच, ही चूक पकडायला लेख वाचावाच लागतो, आणि मला नेमके तेच हवे असते.

इतर निबंधांत एआय कुठे व कशासाठी वापरले, हे शेवटच्या परिच्छेदात नोंदवायचे असते. नोंदवल्याबद्दल गुण कापत नाही. त्यानंतर पाच मिनिटांची तोंडी होते. वर्ग मोठा असेल तर चिठ्ठ्या टाकून काही जणांचीच घ्या, पण नावे आदल्या दिवशी जाहीर करू नका.