डॉम पेरिन्यों 2008 ची बाटली इतकी वर्षं कोकणातल्या घरी पडून आहे. खराब झाली असेल का? आणि चाखून तिची पारख कशी करायची?

तुम्ही सगळं नीट लिहिलंत ते बरं केलंत. बाटली 2019 मध्ये लग्नात भेट आलेली, तेव्हापासून गुहागरच्या घरी हॉलमधल्या कपाटात उभी, लेबलवर बुरशीचे ठिपके, आणि घरात वाइनची सवय कुणालाच नाही. आता ती उघडायची आहे, आणि ‘एवढं काय आहे हिच्यात’ हे आपल्यालाही कळावं अशी इच्छा आहे.

मी वेंगुर्ल्याचा. क्रूझ जहाजांवर वाइन स्टुअर्ड होतो, त्यामुळे असल्या बाटल्या उघडणं आणि गिऱ्हाइकाआधी घोटभर चाखून खात्री करणं हे कामच होतं. गावी आल्यावर लक्षात आलं की आपल्याकडे वाइनच्या आधी हवा, कपाट आणि मसाला यांचा बंदोबस्त करावा लागतो. तो केला नाही तर चांगली बाटलीसुद्धा नापास होते.

आधी बाटलीविषयी थोडं. डॉम पेरिन्यों ही मोएट अँड शाँदों कंपनीची सगळ्यात मानाची शँपेन. साधी शँपेन बहुतेक वेळा अनेक वर्षांच्या वाइन मिसळून करतात. ही मात्र एकाच वर्षाच्या द्राक्षांची, तीही वर्ष पसंत पडलं तरच. शार्डने आणि पिनो न्वार या दोन जातींची द्राक्षं, साधारण निम्मी निम्मी. पहिलं वर्ष 1921, ते बाजारात आलं 1936 मध्ये. ज्यांच्या नावाने ती विकली जाते ते पेरिन्यों हे सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ओव्हिलेरच्या मठातले कोठारप्रमुख. त्यांनी शँपेनमधले बुडबुडे शोधून काढले ही नुसती दंतकथा. त्यांच्या काळी बुडबुडे म्हणजे दोष, आणि ते टाळायचीच त्यांची खटपट होती.

2008 हे फ्रान्सच्या शँपेन भागातलं थंड, ढगाळ वर्ष. सप्टेंबरात ऊन पडलं आणि पीक वाचलं. अशा वर्षी द्राक्षांत आंबटपणा भरपूर राहतो आणि त्याच्या जोरावर वाइन वर्षानुवर्षं टिकते. कंपनीने 2009 ची बाटली आधी बाजारात आणली आणि 2008 ला आणखी थांबवलं, ते उगीच नाही. म्हणून तुमच्या बाटलीबद्दल मला बऱ्यापैकी आशा आहे.

लेबलवरच्या बुरशीची काळजी सोडा. पावसाळ्यात आपल्याकडे चपलांनाही बुरशी येते. दमटपणाने कागद खराब होतो, आतल्या वाइनला काही होत नाही. खरी भीती उष्णतेची. फ्रान्समध्ये या बाटल्या खडूच्या दगडात खोदलेल्या तळघरांत दहा-बारा अंशांवर झोपतात. तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्रीसुद्धा पारा पंचविसाच्या आसपास असतो. वाइन त्यामुळे लगेच नासत नाही, पण तिचं वय भराभर वाढतं. बाटलीवर थेट ऊन किंवा ट्यूबलाइटचा उजेड पडत होता का तेही आठवा. काच गडद आहे म्हणून थोडं संरक्षण मिळतं, पण उजेड हा शँपेनचा वैरीच.

उघडण्याआधी एक पूर्ण दिवस फ्रिजमध्ये आडवी ठेवा. आत बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट दाब असतो. बाटली कोमट असली की अर्धी वाइन फेस होऊन लादीवर जाते. लाइट जायचा भरवसा नसेल तर बर्फ आणि पाणी घातलेली बालदी तयार ठेवा. नुसता बर्फ नको, पाण्यामुळे बाटली लवकर गार होते. तारेची जाळी सैल करायला सहा अर्धे वेढे लागतात, आणि पहिल्या वेढ्यापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बूच धरून ठेवायचं आणि बाटली फिरवायची. लग्नातल्या व्हिडिओसारखा ‘फट्’ आवाज नको. हळूच सुस्कारा निघाला की बरोबर उघडली.

आता ग्लास. ही गोष्ट मी सगळ्यात जास्त ताणून सांगणार आहे.

शँपेनमधला सर्वांत कुप्रसिद्ध दोष बुचातून येतो. वास येतो ओल्या पुठ्ठ्याचा, भिजून वाळलेल्या वर्तमानपत्राचा. आणि कोकणात आषाढ-श्रावणात बंद कपाटात उपडे ठेवलेले ग्लास काढले की त्यांना नेमका तसाच कुबट वास असतो! लोक बाटलीला दोष देतात, दोषी असतं कपाट. म्हणून रिकामा ग्लास आधी नाकाशी धरा. वास येत असेल तर नुसत्या गरम पाण्याने धुवा, उलटा न ठेवता उघड्यावर वाळवा आणि पुन्हा हुंगा. साबणाचा अंशही राहता कामा नये, फेस मरतो. उभट, चिंचोळा ग्लास दिसायला छान, पण त्यात वास कोंडतो. साधा पांढऱ्या वाइनचा, पोट थोडं फुगीर आणि तोंड आवळलेला ग्लास घ्या. ग्लास तिरका धरून कडेने ओता, एका वेळी तीन-चार घोटांएवढीच. आपल्या हवेत ती पाहता पाहता तापते, तेव्हा बाटली परत बालदीत.

पहिला वास घेतल्यावर दचकू नका. काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा धुरकट वास डॉम पेरिन्योंमध्ये नेहमी असतो आणि हवा लागली की मागे सरतो. मग थांबा. फ्रिजमधून काढलेली वाइन चार-पाच अंशांवर मुकी असते. ती दहा-बारा अंशांवर आली की बोलायला लागते. पहिल्यांदा लिंबाची साल, कच्चं सफरचंद. थोड्या वेळाने भाजलेला बदाम, बेकरीतून नुकत्याच निघालेल्या खारीचा वास. खारीचा वास येतो कारण बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण झाल्यावर ही वाइन आठ वर्षांहून जास्त काळ मेलेल्या यीस्टच्या गाळावर पडून होती. कायद्याने एका वर्षाच्या द्राक्षांच्या शँपेनला तीन वर्षं पुरतात, म्हणजे इथे किती थांबलेत ते बघा.

याउलट रंग तपकिरीकडे झुकलेला, बुडबुडे जेमतेम आणि कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास आला, तर उष्णतेने तिचा निकाल लावलाय असं समजा. मात्र रंग सोनेरी, मधाचा थोडा वास आणि बुडबुडे जरा मवाळ असतील, तर ती फक्त वयात आलीय. मला स्वतःला अशीच जास्त आवडते.

तोंडात घेतल्यावर तीन गोष्टी बघा. फेस टोचतो की पसरतो? सोड्यासारखा चावत असेल तर ती चांगली खूण नाही. आंबटपणा: तो कोकमाच्या आगळासारखा तोंड वाकडं करणारा नको, जिभेच्या कडांना पाणी सुटावं इतपत. साखर यात लिटरला 5 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गोडवा जवळजवळ नाहीच. गोड लागेल या आशेने बसलेला माणूस नाराज होणार. तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात खरी कसोटी म्हणजे घोट गिळल्यावर मनात आकडे मोजणं. साधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाइन पाच-सहाच्या आत विरते. ही दहा-पंधराच्या पुढेही रेंगाळली, आणि शेवटी किंचित खारट, खडूसारखी कोरडी चव मागे राहिली, तर बाटली ठणठणीत आहे.

सवय नसलेल्यांना एकटी बाटली चाखून काही कळत नाही. नाशिकची एखादी ब्रूट, म्हणजे बुडबुड्यांची कोरडी वाइन आणा, सुला किंवा शाँदों; शाँदों तर याच घराण्याची, दिंडोरीला बनते. दोन्ही शेजारी ओता, कुठली कुठली ते एकालाच माहीत असू द्या. घरच्या मावशीलाही फरक कळतो, फक्त तो शब्दांत सांगता येत नाही इतकंच. किमतीच्या पटीत फरक असतो का? नाही. अर्धे पैसे नावाचे असतात हे मी जहाजावरही म्हणायचो, हळू आवाजात.

सोबत मालवणी मसाला नको. तिखट, दारू आणि बुडबुडे एकत्र आले की जिभेची आग होते आणि वाइन समजत नाही. कालवं मिळाली तर नुसती मीठ घालून वाफवा. नाहीतर रव्यात तळलेली कोलंबी, तिखट नावापुरतं. भाजलेले खारे काजूही चालतात. खाजा किंवा खापरोळ्या नंतर, वेगळ्या. गोडानंतर हिचा घोट निव्वळ आंबट लागतो.

उरली तर बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून काही होत नाही. शँपेनचं दाबून बसणारं झाकण ऑनलाइन मिळतं, ते आधीच मागवून ठेवा. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलेली दुसऱ्या दिवशीही चांगली लागते. फेस उतरलेला असतो, पण वास कधी कधी आदल्या रात्रीपेक्षा मोकळा मिळतो.